पोरगं एनडीएला लागेल का? मोजायचंच असेल तर मागनं पुढं मोजा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा बारावी सायन्सला, दहावीला ८९ टक्के, दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वा नंबर, कबड्डी जिल्ह्यापर्यंत खेळलाय, तुम्ही कारखान्यावर नोकरीला, घर कोरेगाव तालुक्यात, आजोबा फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झालेले. सप्टेंबरच्या एनडीएच्या पेपरचा, म्हणजे बारावीनंतर फौजेत ऑफिसर व्हायच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय, पहिली पसंती एअर फोर्स टाकलीय. आणि एका अकॅडमीवाल्यानं दीड लाख फी सांगून 'शंभर टक्के सिलेक्शन' म्हटलंय. आता तुम्ही विचारताय की चान्स किती टक्के ते सांगा, म्हणजे पैसे भरायचे का नाही ते ठरवता येईल.

टक्के मला सांगता येणार नाहीत, आणि जो सांगतो त्याच्या ऑफिसातनं चहा पिऊन उठून या. पण चान्स मोजता येतो, घरबसल्या बराचसा मोजता येतो, फक्त आपण मोजायला सुरुवात चुकीच्या टोकाकडनं करतो.

माझं आधी सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी एनडीएची लेखी दोनदा पास झालो आणि दोन्ही वेळेला एसएसबीतनं, म्हणजे लेखीनंतर पाच दिवस चालणाऱ्या चाचण्या आणि इंटरव्ह्यूतनं, परत आलो, एकदा पहिल्याच दिवशी दुपारी आणि एकदा पाच दिवस राहून कॉन्फरन्सनंतर. नंतर ग्रॅज्युएशन करून सीडीएस या पदवीधरांच्या परीक्षेतनं ओटीए चेन्नई या आर्मीच्या अकॅडमीत गेलो, शॉर्ट सर्व्हिस केली, परत साताऱ्यात आलो, आणि गेली सोळा-सतरा वर्षं पोरांना गणित शिकवतोय आणि एसएसबीला निघायच्या आधी त्यांच्याशी बोलत बसतोय. म्हणजे पडायचं कसं ते मला लागायच्या आधी कळलंय.

आपल्याकडं हिशेब असा चालतो: दहावीला चांगले मार्क, मग लेखी निघेल, लेखी निघाली की एसएसबीचा क्लास लावू, एसएसबी निघाली की मेडिकल काय, पोरगं तर धडधाकट आहे. हा हिशेब उलटा करा. सगळ्यात आधी मेडिकल बघा, मग एसएसबी, मग लेखी. कारण मेडिकल बघायला हजार-दोन हजार रुपये आणि एक दिवस लागतो, आणि तिथं जर कायमचं काही निघालं तर पुढची दोन वर्षं आणि दीड लाख वाचतात. सांगलीकडचा एक पोरगा माझ्याकडं होता, फार गुणी, लेखी पहिल्या झटक्यात, एसएसबी दुसऱ्या वेळेला रेकमेंड, गावात पेढे वाटले, आणि मेडिकलला कलर व्हिजनमध्ये बाद. त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे त्याला दिसतच नव्हते आणि त्याला आयुष्यात कधी कळलंच नव्हतं की आपल्याला दिसत नाहीत. ते पुस्तक कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडं असतं. सातवी-आठवीत पाच मिनिटात कळलं असतं. चूक त्याची नाही, आमची सगळ्यांची, माझीसुद्धा, तेव्हापासून मी नवीन पोरगं आलं की वही-पेन नंतर, आधी डोळ्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणतो.

तर तुमच्या पोराचं. मायनस सव्वा. आर्मीला चष्मा चालतो, मायनस अडीचच्या आत नंबर पाहिजे, बिनचष्म्याचं ६/३६ पर्यंत चालतं आणि चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसलं पाहिजे. म्हणजे आज तरी तो बसतोय, पण बारावीचं वर्ष आहे आणि या वयात नंबर वाढतो, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासत राहा. एअर फोर्सचं फ्लाइंग मात्र विसरा, तिथं मायनस नंबर अजिबात चालत नाही. आणि कोणी म्हणेल लेझर करून घ्या, तर एनडीएला लेसिक चालत नाही, उलट तेच बाद व्हायचं कारण होतं. त्यामुळं पहिली पसंती एअर फोर्स टाकणं म्हणजे त्याच्यासाठी बरंचसं बंद असलेल्या दारासमोर रांग लावणं. गेल्या काही नोटिफिकेशनमध्ये एनडीएच्या ३७० जागा असायच्या, आर्मी २०८, नेव्ही ४२, एअर फोर्स १२०, आणि त्या १२० मधल्या ९२ फ्लाइंगच्या. उरलेल्या २८ ग्राउंड ड्यूटीच्या. शिवाय एझिमलाच्या नेव्हल अकॅडमीच्या काही थोड्या जागा वेगळ्या. आता बघा, आर्मीच्या २०८ मधल्या बहुतेक जागा त्याला उघड्या आहेत आणि फॉर्ममध्ये त्या खाली टाकल्यात. पुढच्या फॉर्मला आर्मी वर घ्या.

डोळ्यांशिवाय काय बघायचं? यूपीएससीच्या नोटिफिकेशनच्या मागं मेडिकलचं लांबलचक परिशिष्ट असतंय, ते कोणी वाचत नाही, सगळे सिलॅबसपर्यंत वाचून बंद करतात. ते छापून घ्या आणि ओळखीच्या एमबीबीएस डॉक्टरसमोर ठेवून म्हणा, साहेब यातलं एकेक बघा. गुडघे जुळवून सरळ उभं राहिल्यावर दोन घोट्यांमधलं अंतर ५ सेंटीमीटरच्या आत पाहिजे. तळपाय सपाट आहे का, ओल्या पायानं शहाबादी फरशीवर उभा करा, ठसा बघा. कोपरापासनं हात बाहेरच्या बाजूला किती वाकडा जातो, मुलांना १५ अंशापर्यंत चालतं. नाकाचं हाड, कानातला मळ आणि पडद्याला भोक, हायड्रोसील, व्हेरिकोसील, मूळव्याध, तळहाताला अती घाम, दात. दाताचे १४ पॉइंट लागतात, आणि आपल्याकडं पोरं दाढ किडली की सरळ उपटून टाकतात. यातलं बरंच काही वेळेत ऑपरेशन किंवा उपचार करून नीट होतं, पण वेळेत म्हणजे आत्ता, मेडिकलच्या आदल्या आठवड्यात नाही. तिथं टेम्पररी रिजेक्ट केलं तर अपील करता येतं, ४२ दिवसांचा हिशेब असतो, त्यात वजन कमी करणं, कान साफ करणं, छोटं ऑपरेशन हे होऊन जातं. परमनंट म्हणून जे लिहिलेलं असतं त्यातलं फार थोडं पलटतं.

आणि टॅटू! हे वेगळं लिहितो कारण साताऱ्यात याचं फार पेव फुटलंय. दंडावर 'जय शिवराय', छातीवर 'आई', मानेवर आणि काय काय. भावना कितीही खरी असली तरी नियम सरळ आहे, कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला एवढंच चालतं, बाकी कुठंही कायमचा टॅटू असेल तर घरी. आदिवासी जमातींना परंपरेप्रमाणं सूट आहे, आपल्या पोरांना नाही. जत्रेत मित्रांबरोबर जाऊन गोंदवून आलेला एक पोरगा माझ्यासमोर बसून ढसाढसा रडलाय.

आता एसएसबी. इथंच खरी गाळण होते. १८०० मार्कांचा सगळा मामला, ९०० लेखीचे आणि ९०० एसएसबीचे, म्हणजे निम्मं वजन त्या पाच दिवसांचं, आणि तिथं रेकमेंड झाला नाही तर लेखीला ५०० पडले तरी शून्य. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग असतं, एक बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये बसून त्यावर बोलायचं. शंभर पोरं गेली असतील तर दुपारनंतर तीस-चाळीस राहतात, बाकीच्यांच्या हातात परतीचा कागद. मग सायकॉलॉजीचा दिवस, चित्रांवर १२ गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं पान, मग ६० शब्दांवर एकेक वाक्य, प्रत्येक शब्दाला १५ सेकंद, मग अर्ध्या तासात ६० प्रसंगांत काय करशील ते, आणि स्वतःबद्दल लिहायचं की आईवडील, शिक्षक, मित्र तुझ्याबद्दल काय म्हणतात आणि तू स्वतः काय म्हणतोस. मग दोन दिवस मैदानावर जीटीओची, म्हणजे ग्रुपची परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याची टास्क, फळ्या, दोऱ्या, ड्रम, ग्रुप डिस्कशन, तीन मिनिटांचं भाषण. मधेच कधीतरी इंटरव्ह्यू. पाचव्या दिवशी कॉन्फरन्स, सगळे अधिकारी गणवेशात बसलेले आणि तुम्ही एकटे समोर.

याचा चान्स घरी कसा मोजायचा? मार्कांवरनं मोजताच येत नाही. मी पालकांना एकच करायला सांगतो, आठवडाभर पोराकडं गुपचूप बघा. घरात लाइट गेली, पंप बंद पडला, आजी घसरून पडली, पाहुणे अचानक आले, अशा वेळेला ते पोरगं काय करतं? मोबाईलमधनं डोकं वर काढतं का? न सांगता उठतं का? उठलं तर एकटंच धावतं का दोघातिघांना कामाला लावतं? हरल्यावर कबड्डीच्या मैदानातनं येऊन कोणाला दोष देतं? तुमचं पोरगं कबड्डी खेळतंय हे मला त्याच्या ८९ टक्क्यांपेक्षा मोलाचं वाटतं, पण ते टीममध्ये नेमकं काय करतं हे तुम्ही लिहिलं नाहीये. कॅप्टन आहे का? नसेल तर कॅप्टनशी पटतं का? रेड मारून आला की कव्हरवाल्याला काही सांगतो का? मैदानावरचे अधिकारी हेच बघतात, उडी किती लांब मारली ते नाही.

एक गोष्ट खटकली ती सांगतो, राग मानू नका. तुम्ही प्रश्नात सगळं लिहिलंय, फी, नंबर, आजोबांची रँक, अगदी गावातल्या कोणाचा मुलगा लागला तेही. मुलाचा एक शब्द नाही. 'आम्हाला वाटतं', 'घरच्यांची इच्छा आहे', 'आजोबांचं स्वप्न आहे'. दादा, इंटरव्ह्यूला बसलेला अधिकारी एका दमात पंधरा-वीस प्रश्न विचारतो, दहावीपासनं मार्क सांग, कमी का झाले, आवडता मास्तर कोण आणि का, नावडता कोण, वडिलांचं आणि तुझं कशावरनं वाजतं, मोकळ्या वेळात काय करतोस, खास मित्र कोण, फौजेत का यायचंय. सगळे प्रश्न आधी एकदम ऐकवतो आणि मग त्याच क्रमानं उत्तरं द्यायला लावतो. तिथं 'आजोबा सुभेदार होते म्हणून' हे उत्तर पहिल्या मिनिटात संपतं, दुसऱ्या मिनिटाला काय? माझ्याकडं पालक येतात तेव्हा मी प्रश्न मुलाला विचारतो आणि उत्तर वडील देतात, दहातल्या सात घरांत असं होतं. त्या पोराला एसएसबीत बोलायला जमणार कसं, घरात कधी बोलू दिलंय का त्याला?

इंग्लिशची भीती असते आपल्या पोरांना. सायकॉलॉजी आणि इंटरव्ह्यू हिंदीत केला तरी चालतो, पण ग्रुपमध्ये बाकीची पोरं धाडधाड इंग्लिश बोलतात तेव्हा आपलं पोरगं मान खाली घालतं, तोटा तिथं होतो. मोडकंतोडकं का असेना बोलायचं. मी स्वतः पहिल्या वेळेला स्क्रीनिंगमध्ये एक वाक्य मनात जुळवत बसलो आणि जुळेपर्यंत डिस्कशन संपलं. मिरजेवरनं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला गेलो होतो, आईनं धपाटे बांधून दिलेले, ते संपायच्या आत परतीच्या गाडीत बसलो.

पळण्याचं एक सांगतो. रोज पहाटे यवतेश्वरच्या घाटात आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पोरांची झुंबड असते, त्यातली बरीचशी भरतीची, सोळाशे मीटर मारायचं असतं त्यांना. एनडीएवाली पोरंही त्यांच्यात घुसून चार-चार तास घाम गाळतात आणि दिवसभर क्लासमध्ये पेंगतात. अरे बाबांनो, एनडीएच्या निवडीत पळायची टेस्ट नाहीये. जॉइन व्हायच्या आधी तयारी म्हणून १५ मिनिटांत २.४ किलोमीटर, २० पुशअप, २० सिटअप, ८ चिनअप, ३-४ मीटर दोरी चढणं एवढं यावं असं नोटिफिकेशनमध्ये लिहिलंय, ते कबड्डीवाल्या पोराला दोन महिन्यात जमतं. तासभर पुरे. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्या जिल्ह्यात, घरटी फौजी, त्यामुळं फौज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी पळणं येतं, पण शिपायाची भरती आणि ऑफिसरची निवड हे दोन वेगळे रस्ते आहेत, दोन्ही मानाचे, फक्त एकाची तयारी दुसऱ्याला लावू नका.

लेखी आता. हे शेवटी सांगतोय कारण हे सगळ्यात सोपं मोजता येतं. गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, १२० प्रश्न, अडीच तास. दुसरा जनरल अॅबिलिटीचा ६०० चा, १५० प्रश्न, अडीच तास, त्यात २०० मार्क इंग्लिशचे आणि ४०० मार्कांत फिजिक्स, केमिस्ट्री, जनरल सायन्स, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. चुकलं की एक तृतीयांश मार्क जातात, म्हणजे गणितात एका प्रश्नाला अडीच मार्क आणि चुकला तर ०.८३ वजा, दुसऱ्या पेपरात ४ मार्क आणि १.३३ वजा. लेखीचा कटऑफ गेल्या काही वर्षांत साधारण २९० ते ३६० च्या दरम्यान फिरलाय, शिवाय प्रत्येक पेपरात किमान २० किंवा २५ टक्के लागतात, त्या वेळी जे ठरवतील ते.

९०० पैकी ३०० ऐकल्यावर लोक म्हणतात एवढंच? एवढंच, पण करून बघा. समजा गणितात ५० बरोबर आले आणि २५ चुकले, १२५ वजा २१, झाले १०४. दुसऱ्यात ७५ बरोबर, ४५ चूक, ३०० वजा ६०, झाले २४०. बेरीज ३४४. एवढ्यावर बऱ्याच वर्षी बोलावणं आलं असतं. पण ५० बरोबर यायला अडीच तासात १२० प्रश्नांवरनं हात फिरवावा लागतो, एका प्रश्नाला सव्वा मिनिट, आणि बोर्डाला पाच-पाच मार्कांची गणितं पायऱ्या-पायऱ्यांनी सोडवलेल्या पोराला हे जमत नाही, त्याला येत असतं पण वेळेत येत नाही. म्हणून म्हणतो ८९ टक्के बाजूला ठेवा. मागची तीन वर्षं, सहा प्रश्नपत्रिका, यूपीएससीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. रविवारी सकाळी १० ला बसवा, अडीच तास, मग जेवण, मग परत अडीच तास, मोबाईल तुमच्या खिशात. मार्क तुम्ही मोजा, निगेटिव्ह धरून. पहिल्या पेपरला १५० पडले तरी घाबरू नका, बहुतेकांचे तेवढेच असतात. बघायचं ते चौथ्या-पाचव्या पेपरला किती चढतंय. दोन महिन्यात २८० च्या वर गेला आणि तिथनं चढतच असेल तर लेखीचा चान्स चांगला. तिसऱ्या महिन्यातही २०० च्या खाली घुटमळत असेल तर कुठला विषय खातोय ते शोधा, आणि आपल्याकडच्या पोरांत तो बहुतेक वेळा इंग्लिश आणि इतिहास-भूगोल असतो, गणित नाही. सगळे गणिताचा क्लास लावतात आणि ६०० मार्कांचा पेपर वाऱ्यावर सोडतात, मी गणिताचा मास्तर असून सांगतोय.

आणि फक्त कटऑफ गाठायचा असं धरू नका, लेखीचे मार्क शेवटपर्यंत मोजले जातात. फायनल कटऑफ १८०० पैकी साधारण ६५० ते ७२५ च्या आसपास राहिलाय. लेखीला ४०० घेऊन गेलेला आणि ३०० घेऊन गेलेला, दोघंही एसएसबीत काठावर रेकमेंड झाले तर पहिला यादीत येतो, दुसरा 'रेकमेंडेड पण मेरिट आउट' होऊन घरी बसतो, आणि ते फार जिव्हारी लागतं. यादीत सहाशे-सातशे नावं असतात, जागांपेक्षा जास्त, कारण ती मेडिकलचा निकाल न धरता लावतात. म्हणून यादीत नाव आलं की लगेच गावात बॅनर लावायची घाई करू नये, हे आपल्याकडं कोणी ऐकत नाही.

किती वेळा बसता येईल तोही हिशेब करून टाका. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अकरावीत असताना बसता येत नाही. तुमचा मुलगा या ऑगस्टच्या मध्यावर १७ पूर्ण करतोय म्हणता, तर आत्ताचा सप्टेंबर, पुढचा एप्रिल, पुढचा सप्टेंबर आणि त्याच्या पुढचा एप्रिल, असे चार. चौथ्याला तो दीड महिन्यानं आत बसतोय, त्यामुळं जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर काय आहे ती एकदा नीट बघा, शाळेत घालताना मास्तरांनी जून लावून टाकलेली असेल तर तीनच. सप्टेंबरचा पहिला पेपर अनुभवासाठी असं म्हणू नका, पण त्यावर जीवही टाकू नका. एप्रिलला बोर्ड संपलेलं असतं, जेईई आणि सीईटीच्या मधेच एनडीए येते, घरात खेचाखेच होणार. सायन्सची तयारी तिन्हीला चालते, भांडण फक्त इंग्लिश आणि सामान्य ज्ञानाला द्यायच्या तासाभराचं असतं, तो तास रोज काढा.

आता त्या दीड लाखाचं. क्लास वाईट असतात असं नाही, मी स्वतः शिकवतो. लेखीसाठी शिस्त, टेस्ट सिरीज, बरोबरची पोरं याचा उपयोग होतो. एसएसबीसाठी आठ-दहा दिवस कोणा अनुभवी माणसाकडं बसून फॉरमॅट समजून घेतला, ग्रुपमध्ये बोलायची सवय केली तर ठीक. पण त्याच्यापुढं जाऊन पाठ केलेल्या गोष्टी, ठरलेली वाक्यं, 'प्रत्येक चित्रात हिरो गावाला पुरातनं वाचवतो' असलं शिकवतात तिथं नुकसान होतंय. तिकडचे सायकॉलॉजिस्ट रोज शेकडो वह्या वाचतात, पढवलेलं पोरगं दुसऱ्या गोष्टीत पकडलं जातं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्या सांगलीकडच्या पोरांनी खरंच होड्या ओढल्यात, जनावरं काढलीत, त्यांनी ते साधेपणानं लिहिलं तर उतरतं, आणि कधी पाण्यात न उतरलेल्यानं लिहिलं तर तेही लगेच कळतं. 'मेडिकलला आपली ओळख आहे' म्हणणारा भेटला तर तो थेट चोर, माझ्याकडच्या एका पालकानं असल्या माणसाला ऐंशी हजार दिले, पोरगं स्वतःच्या तब्येतीवर पास झालं, आणि तो माणूस काम झालं म्हणून उरलेले मागायला घरी आला. शंभर टक्के सिलेक्शन म्हणणाऱ्यानं लागलं नाही तर फी परत असं स्टॅम्पवर लिहून द्यावं, देतो का विचारा. माझं मत विचाराल तर पहिले सहा पेपर घरी सोडवून होईपर्यंत एक रुपया भरू नका. नंतर लागलंच तर जो विषय खातोय तेवढाच क्लास लावा.

दुसरे रस्ते आत्ताच माहीत असू द्यात, कारण ज्याला एकच रस्ता माहीत असतो ते पोरगं एसएसबीत घाबरून बोलतं. बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के आणि जेईई मेन दिलेली असेल तर आर्मीची टेक्निकल एंट्री आहे, तिथं एनडीएची लेखी नाही, शॉर्टलिस्ट झाला की थेट एसएसबी. नेव्हीचीही बीटेक एंट्री जेईईवर आहे. म्हणून जेईई मेनचा फॉर्म भराच. ग्रॅज्युएशनला सीडीएस, एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर लेखीशिवाय स्पेशल एंट्री. आपल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक सैनिक स्कूलचे, २०१५ ला शहीद झाले, त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक त्यानंतर ओटीए चेन्नईतनं २०१७ ला लेफ्टनंट झाल्या, दोन लेकरांची आई असताना. एनडीएचं वय गेलं म्हणजे गाडी गेली असं नसतं.

धाकटी मुलगी आठवीत आहे असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, तिचं कोणी काही विचारलंच नाही. २०२१ पासून मुलींना एनडीएची परीक्षा देता येते आणि पहिल्या १७ जणी मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतनं पास होऊन बाहेरही पडल्या. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं, तिथं आता मुलींनाही घेतात, नववीला प्रवेशाची परीक्षा असते. दहावीनंतर नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था आहे, मुलांची संभाजीनगरला १९७७ पासून आहे. थोरल्यासाठी हे उशिराचं झालं, तिच्यासाठी अगदी वेळेवर आहे. तिचेही डोळे त्याच दिवशी दाखवून घ्या, चष्मा नसेल तर फ्लाइंग तिला उघडं असू शकतं.

मग तुमच्या मुलाचा चान्स? जेवढं लिहिलंय त्यावरनं: मेडिकलला आर्मीपुरता आज बसतोय, कलर व्हिजन आणि बाकीचं तपासून घ्यायचं बाकी. लेखीचं काहीच सांगता येत नाही कारण एकही पेपर वेळ लावून सोडवलेला नाही. एसएसबीला कबड्डी जमेची, बाकी त्याचं बोलणं मी ऐकलेलंच नाही. या रविवारी एक पेपर बसवा, सोमवारी-मंगळवारी डॉक्टर करा. मग मार्क आणि डॉक्टरची चिठ्ठी दोन्ही मला कळवा, पण ते तुम्ही नका लिहू, त्याला लिहू द्या, त्याला काय पाहिजे ते त्याच्या भाषेत, चुका असल्या तरी चालतील.